नऊ नंबरचा कप्पा

ऐका ना, पण आधी एक ठरवा. डुकरं हा शब्द आला की हसायचं नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झाले की मला मध्ये थांबता येणार नाही.

तर मागच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे पावणेअकरा. औशाच्या पुढं किल्लारी रोडला आपलं शेड आहे बघा, तिथं मी पाण्याच्या तोट्या साफ करत होते. फोन वाजला. बाईचा आवाज, एकदम गोड, रेकॉर्ड केलेला. म्हणाली, तुमच्या शेडमधल्या एक तृतीयांशाहून जास्त मण्यांनी धोक्याची खूण दिली आहे, शेड बंद करण्यात येत आहे. आणि माझ्या पाठीमागं गेट घर्रर्र करत बंद झालं. दोन हजार एक्केचाळीस साल लागलं तरी आपल्याकडं रोज दोन तास लाइट जाते, पण ते गेट बरोबर चालतं. त्याला वेगळी बॅटरी आहे.

आत मी, माझी आत्या आणि तीनशे चार पिल्लं. नुकतीच आईच्या दुधावरून तोडलेली, जेमतेम महिन्याची, उशीएवढी. आणि नियम असा की सहा तासांत सगळी मारायची. म्हणजे पावणेपाचच्या आत.

कशी मारायची वगैरे आत्ता विचारू नका. आधी मणी समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

पूर्वी काय व्हायचं, पिल्लू आईपासून तोडलं की आठवड्यात त्याला हगवण लागायची. कारण दूध बंद आणि एकदम कोरडं खाणं चालू. मग लोक खाद्यातच औषध मिसळायचे, सगळ्यांना, आजारी असो नसो. वर्षानुवर्षं मिसळलं, आणि शेवटी एक जंतू असा निघाला की त्याला कुठलंच औषध लागेना. तो डुकरांतून माणसांत आला. ते वर्ष तुम्हालाही आठवत असेल, मी सांगत बसत नाही. तेव्हापासून खाद्यात औषध म्हणजे जेल. त्याच्या जागी मणी आला. ज्वारीच्या दाण्याएवढा. पिल्लानं गिळला की आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतो, दोन आठवडे राहतो, मग विरघळतो. तेवढे दिवस तो भिंतीतून वीज किती झिरपते ते मोजत असतो. भिंत घट्ट असेल तर हिरवा. जरा सैल पडली तर पिवळा. गळायला लागली तर लाल. पहिल्या दोन दिवसांत तो त्या पिल्लाचं नेहमीचं माप घेऊन ठेवतो आणि पुढं सगळं त्याच मापाशी ताडून बघतो. सगळ्या मण्यांची खबर थेट जिल्ह्याला. शेडमधले तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त लाल झाले की साथ आली असं समजायचं आणि ती तिथंच मारायची, बाहेर पडू द्यायची नाही.

नियम वाईट नाही हो. मी पशुवैद्यकीचा डिप्लोमा केलाय, मला तो पटतो. म्हणून तर मीच मणी आणले. आत्या नको म्हणत होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, दुर्गव्वा. आम्ही वडार. वडील दगडाच्या कामावर सोलापूर, विजापूर, कुठं कुठं, त्यामुळं मला आत्यानंच वाढवलं, आणि डुकरंही तिनंच. शाळेत गेलेली नाही. पण पिल्लाची शेपटी बघून सांगते आज काय खाल्लं. मणी आणले त्या दिवशी तिनं एक तळहातावर घेतला, उन्हात धरला आणि म्हणाली, "लेकराच्या पोटात कान ठिवायलीस व्हय गं कावेरी? आधी तुझ्या पोटात घाल. काय काय ऐकू येतंय बघू."

तर गेट बंद झालं आणि मी स्क्रीन उघडली. सव्वीस कप्पे आहेत आमच्याकडं, एकेका कप्प्यात अकरा-बारा पिल्लं. स्क्रीनवर नुसते लाल ठिपके. कप्प्यात बघावं तर पातळ हगवण, पोटं फुगलेली, पण पिल्लं उभी. खायला येतात. मेलेलं एकही नाही.

आत्या आली, बघितलं, आणि म्हणाली ही पेंडीची हगवण आहे. चौथ्या दिवशी लागते, सातव्या-आठव्याला जाते. दर खेपेला.

ही पेंड म्हणजे सोयाबीनची. तेल काढून जो चुरा उरतो तो, बाजारात डीओसी म्हणतात. आपल्या लातूरकडं त्याला काय तोटा. आता यातली मजा ऐका, म्हणजे त्या वेळी मजा वाटत नव्हती. आतड्याच्या आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी असते. बारीक बारीक धागे उभे, त्यांच्यावरच अन्न शोषलं जातं. दूध तुटलं की ते धागे आधीच खुरटतात. त्यात सोयाबीनमध्ये दोन प्रथिनं असतात, ग्लायसिनिन आणि त्याचा भाऊ. पिल्लाचं अंग त्यांना पहिल्यांदा बघतं तेव्हा त्याला वाटतं शत्रू आला. मग मारामारी सुरू. सूज येते, टॉवेल टकला होतो, भिंत गळते, हगवण लागते. मग हळूहळू अंगाला कळतं की अरे, हे तर जेवण आहे. मारामारी थांबते. धागे पुन्हा वर येतात. आत्याचे सात-आठ दिवस म्हणजे हेच.

पण जंतू आला तरी भिंत गळतेच. हगवण लागतेच. मण्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मी आत्याला म्हणलं, शेकड्यांनी फार्म मणी वापरतात, सगळे पेंडच घालतात, मग सगळ्यांची शेडं का बंद होत नाहीत? त्यांचे ठिपके पिवळ्याच्या पुढं जात नाहीत. आपलेच लाल का?

  स्क्रीनवर एक बटण लुकलुकत होतं, पेंड बंद करा. दाबलं की गव्हाणीचं मशीन पेंड सोडून तांदूळ आणि दुधाची भुकटी ओतणार. मी बोट पुढं केलं तर आत्यानं मनगट धरलं. म्हणाली, आता तोडलीस तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुढच्या वेळी जास्त बिघडेल. ते खरं होतं. आणि तसंही आतडं शांत व्हायला दोन दिवस लागतात, आमच्याकडं उरले होते पाच तास.

एक वाजता जिल्ह्याचं पथक आलं. पांढऱ्या सूटमधली चार माणसं गेटबाहेरच थांबली, आणि एक डॉक्टर आत आले. बिडवई त्यांचं नाव. पन्नाशीचे, घामाघूम, चष्म्यावर वाफ. वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत तुम्हाला कुणीतरी वाईट लागतंच. त्यांनी पाच-सहा पिल्लं उचलून बघितली. मी विचारलं, शी तपासायला पाठवली तर? ते म्हणाले, अहवाल उद्या सकाळी येईल, तेवढा वेळ मला नियम देत नाही. मग म्हणाले, जागेवरचा डॉक्टर लेखी कारण देऊन थांबवू शकतो, अधिकार आहे मला, पण आत्या म्हणतात म्हणून, असं कारण लिहिता येत नाही.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, मणी कशातून दिले होते?

मी म्हणलं, कण्यांतून.

आणि म्हणता म्हणताच मी मण्यांचं माहितीपत्रक शोधायला लागले.

आमच्या घरात एक पद्धत आहे. पिल्लं आईपासून तोडली की त्यांचं उष्टावण करतात. अगदी माणसाच्या लेकरासारखं. दोन दिवस त्यांना पेंड नाही, मका नाही, काही नाही. फक्त ज्वारीच्या कण्या, ताकात शिजवून. वस्तीतल्या बायका पातेली घेऊन येतात, कपाळाला कुंकू लावतात पिल्लांच्या, हसू नका म्हणलं होतं मी, आणि हातानं भरवतात. पिल्लं गपागपा खातात. मला वाटलं, मणी गिळवायला याच्यापेक्षा सोपी वेळ कुठली? एकेका घासात एकेक मणी, अर्ध्या दिवसात काम खलास. फार हुशार वाटलं होतं मला तेव्हा. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं, की जे खाद्य पुढं चालू राहणार आहे त्याच खाद्यातून मणी द्यावा. ते पान मी नंतर वाचलं. नंतर म्हणजे त्या दिवशी, दीड वाजता, डॉक्टरांच्या समोर उभी राहून.

कळलं का काय झालं? मण्यांनी पहिले दोन दिवस माप घेतलं ते ताक-कण्या खाल्लेल्या एकदम गार, शांत आतड्याचं. म्हणाले, हे नेहमीचं. तिसऱ्या दिवशी पेंड आली. बाकीच्या फार्मवर पिवळं दिसतं ते आमच्याकडं रक्तासारखं लाल दिसलं. तीनशे चार जीव, आणि चूक माझी.

मी हे सगळं डॉक्टरांना एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, पटतंय. पण पटणं आणि सिद्ध होणं वेगळं. कण्यांमुळं लाल दिसत असेल, तसं जंतूमुळंही लाल दिसत असेल. मला फरक कशावरून कळणार? असा एखादा तरी कप्पा दाखव की ज्याला उष्टावण नव्हतं.

नव्हताच असा कप्पा. आमच्याकडं कुणाचंही उष्टावण चुकवत नाहीत. मी तसंच सांगितलं, आणि मागनं आत्या म्हणाली, "नऊ नंबर."

नऊ नंबरची आई बाळंत झाली आणि आठव्या दिवशी तिचं दूध आटलं. बारा पिल्लं. तेव्हा मी परीक्षेला परभणीला होते. आत्यानं काय केलं, पेंड भिजवायची, शिजवायची, फडक्यातून गाळायची आणि गाईच्या दुधात कालवून ती पेज बाटलीनं पाजायची. दिवसातून सहा वेळा. तीन आठवडे. स्वतःचं अंथरूण तिनं त्या कप्प्यात आणलं होतं. म्हणजे ही बारा पिल्लं दहाव्या दिवसापासून पेंड खात होती. उष्टावणाला बायका आल्या तेव्हा आत्या म्हणाली, यांचं तोंड कधीच उष्टं झालंय, आणि यांचे मणी तिनं पेजेतूनच दिले. मला सांगायची गरज तिला वाटली नाही.

डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. पेंडीची सवय असलेला कप्पा. तो जर हिरवा असेल, तर बाकी सगळं पेंडीचं. तो जर लाल असेल, तर साथ. मग शेड जाणार. इतकं सरळ.

सव्वीस कप्प्यांची यादी माझ्या हातात होती आणि अंगठा नऊ नंबरवर जाईना. आत्या माझ्याकडं बघत होती. डॉक्टर चष्मा पुसत होते. मी दाबलं.

हिरवा.

 डॉक्टर पहिल्यांदा हसले. त्यांनी स्क्रीन बघितली, कप्प्यात जाऊन पिल्लं बघितली. कोरडी, तुकतुकीत, त्यांच्या बुटाच्या नाड्या चावायला लागली. मग पिंपावर कागद ठेवून लिहायला बसले. कारण लिहिलं, सही करायची बाकी. बाहेरच्या माणसांना हात करून सांगितलं, थांबा.

आणि मी, मला काय अवदसा आठवली, नऊ नंबर पूर्ण उघडला. कप्प्याचा रंग हा सगळ्यांचा मिळून असतो ना. आत बारा ठिपके वेगवेगळे दिसतात. अकरा हिरवे. एक लाल. पहाटे पाचपासून लाल.

विचार करा. त्या पिल्लाला पेंडीची सवय होती. त्याचं माप पेंडीवरच घेतलेलं. मग ते लाल का? एकच उत्तर उरतं, जंतू. इतर कप्प्यांतला लाल रंग खोटा होता, हा एकच खरा लाल. आत्यानं वाढवलेल्यांत.

पेन कागदावर होतं. मी गप्प राहिले असते तर सही झाली असती. रात्री मी आणि आत्यानं ते एक पिल्लू बाजूला काढलं असतं, पुरलं असतं, चुना टाकला असता. बाकीची कदाचित वाचली असती. कदाचित. पाण्याची नळी मात्र सगळ्या शेडला एकच. मी हे सगळं मनात मांडत होते, आणि तुम्हाला खरं सांगते, मी ठरवलं होतं की बोलायचं नाही.

आत्या हळूच जवळ आली. आमच्या घरच्या भाषेत बोलली, जी डॉक्टरांना येत नाही. तिनं विचारलं, कितवं?

तिला स्क्रीन वाचता येत नाही. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, तुझं तोंड बघितलं.

मी म्हणलं, सातवं. आणि लगेच म्हणलं, आत्या, कुणाला कळणार नाही, सही करायलेत ते.

ती तडक कप्प्यात गेली, मणी पाजले त्या क्रमानं सातवं पिल्लू उचललं. त्याच्या तोंडात बोट घातलं, तसंच थोडा वेळ धरलं. मग त्याला काखेत घेऊन सरळ डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सायेब, ह्याचं तोंड गार हाय. हे आजारी हाय. बाकीचं शेड पेंडीनं हगतंय, ते तुम्ही लिवलंय ते बराबर हाय. पन हे पेंडीचं न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते पिल्लू घेतलं, बघितलं, आणि त्यांचं तोंड उतरलं.  मग त्यांनी नियम सांगितला, आणि सांगताना आत्याकडं बघितलं नाही. खात्रीचा आजार एका कप्प्यात सापडला तर तो कप्पा जातो. एक पिल्लू नाही, पूर्ण कप्पा, कारण बाराही एकाच गव्हाणीत तोंड घालतात. बाकीचं शेड दहा दिवस नजरेखाली, पण राहतं.

म्हणजे दोनशे ब्याण्णव वाचली आणि बारा गेली. मी आधी आनंद करावा की काय, मला कळेना. आत्या म्हणाली, नियम तुमचा, मला मान्य. पण सुई माझ्या मांडीवर द्या. आणि आधी त्यांना पेज पाजू द्या, उपाशी पोटी नको.

तिनं पेज केली. त्या दिवशीही गाळली, फडक्यातून, दोनदा. मी बाटली धरायला गेले तर तिनं घेऊ दिली नाही. मग ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून, आणि मी एकेक पिल्लू आणून द्यायला लागले. डॉक्टर स्वतः सुई देत होते, पांढऱ्या सूटवाल्यांना त्यांनी आत येऊ दिलं नाही. पिल्लू पेज पिऊन सुस्तावलेलं असायचं. ती त्याच्या कानामागं खाजवायची, डॉक्टर सुई द्यायचे, आणि ते जड व्हायचं. ती पदरानं त्याचं तोंड पुसायची आणि बाजूला ठेवायची. ती रडली नाही. मी रडत होते, तर म्हणाली, पुढचं आण.

शेवटचं उरलं ते सगळ्यांत दांडगं होतं. मी त्याला आणताना ते माझ्या हातातून दोनदा सुटून पळालं. कप्पाभर धावलं, रिकाम्या कप्प्यात. डॉक्टर बघत होते. त्यांनी सुई भरली, मग थांबले. म्हणाले, आत्या, हे एकदम चांगलं आहे. मग आणखी खाली आवाजात म्हणाले, माझ्या कागदावर मी बारा लिहीन. मोजायला कुणी येणार नाही.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मणी आणल्यापासून पहिल्यांदा तिनं मला हे विचारलं.

"तुझं मशीन काय म्हनायलंय?"

मी बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"हिरवा, आत्या."

"अन उद्या?"

मला हो म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं.

"उद्याचं त्याला सांगता येत नाही," मी म्हणलं.

तिनं मान हलवली, जशी कुणी रस्ता सांगितल्यावर हलवतात तशी. पिल्लू मांडीवर घेतलं. ते तिच्या पदराचं टोक चघळायला लागलं, आणि तिनं चघळू दिलं. डॉक्टरांना म्हणाली, द्या.

तेवढ्यात चार वाजले. गव्हाणीचं मशीन सुरू झालं, आणि पलीकडच्या पंचवीस कप्प्यांत पेंड पडली. दोनशे ब्याण्णव तोंडं एकदम खायला लागली. इतका आवाज झाला की डॉक्टर काहीतरी म्हणाले ते आम्हा दोघींनाही ऐकू आलं नाही.